वक्त्याची रिकामी जागा : ब्रिटिश राजकारणातील वदंतांच्या भाषेविषयी काही विचार

मराठीत खोट्या वा अर्ध्याकच्च्या बातमीला जी अनेक नावे आहेत, त्यांत ‘वावडी’ हे एक आहे. वावडी म्हणजे मूळचा पतंग. तो वर चढलेला सर्वांना दिसतो. दोरी कोणाच्या हाती आहे हे मात्र गच्चीवर गेल्यावाचून कळत नाही. इंग्रजी राजकीय परिभाषेतही पतंग उडविण्याचा वाक्प्रयोग ह्याच अर्थाने रूढ आहे आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘हावर्डनचा पतंग’ ह्या नावाने इतिहासात नोंदले गेले आहे. १७ डिसेंबर १८८५ रोजी ब्रिटिश वृत्तपत्रांतून असे वृत्त झळकले की, उदारमतवादी पक्षाचे नेते विल्यम ग्लॅडस्टन हे आयर्लंडला स्वराज्य देण्यास अनुकूल झाले आहेत. वृत्ताचा उगम त्यांचे पुत्र हर्बर्ट ग्लॅडस्टन ह्यांच्यापाशी होता. हावर्डन हे ग्लॅडस्टन ह्यांचे निवासस्थान. त्यावरून हे नाव पडले. स्वतः ग्लॅडस्टन ह्यांनी जो खुलासा केला तो भाषेच्या अभ्यासकाने ध्यानपूर्वक वाचावा असा आहे. आपल्या मतांचे ते यथार्थ निवेदन नसून त्यांविषयी कोणीतरी केलेला तो तर्क असावा, असा त्याचा आशय होता. मते तशी नाहीत असे ते कोठेही म्हणत नाहीत. निवेदन यथार्थ नाही एवढेच म्हणतात. पुढे फेब्रुवारी १८८६ मध्ये ते पंतप्रधान झाले, आयरिश स्वराज्याचे विधेयक त्यांनी आणले, ते जूनमध्ये फेटाळले गेले आणि त्यांचा पक्ष दुभंगला.

आपल्या विभागात वृत्तपत्रीय भाषेवर काम करणारे विद्यार्थी ब्रिटिश दैनिकांचे जुने अंक पुरावा म्हणून वापरतात. त्यांपैकी एकाने मध्यंतरी मला असे विचारले की, एखादा मंत्री ‘जाणार’ अशा बातम्या खऱ्या निघाल्या की खोट्या, ह्याची मोजदाद करून वृत्तपत्राची विश्वसनीयता ठरविता येईल काय? प्रश्न सरळ आहे, पण त्यातील गृहीतक मला मान्य नाही. मंत्र्याच्या पदाविषयीची वदंता ही पर्जन्याच्या भाकितासारखी नसते. भाकित केल्याने पाऊस पडत नाही. वदंतेने मात्र मंत्री पडू शकतो. ती कोणी उच्चारली हे दडविण्यासाठीच तिची वाक्यरचना घडविलेली असते आणि ती समजून घेतल्यावाचून तिला पुराव्यात घेणे धोक्याचे आहे.

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. मराठीत ऐकीव माहिती सांगण्यासाठी ‘म्हणे’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘तो मुंबईस गेला’ आणि ‘तो म्हणे मुंबईस गेला’ ह्या दोन वाक्यांत घटना एकच आहे. भेद आहे तो सांगणाऱ्याच्या जबाबदारीत. ‘म्हणणे’ ह्या क्रियापदापासून आलेला हा शब्द आता कर्त्याची अपेक्षा ठेवीत नाही. कोण म्हणतो, असे आपण विचारीत नाही. कन्नडातील ‘अंते’ आणि तेलुगूतील ‘अट’ हे ह्याच जातीचे शब्द होत. तुर्की भाषेत तर हे काम क्रियापदाचा प्रत्ययच करतो. ‘म्हणे’मध्ये आणखी एक छटा आहे. ‘हे म्हणे विद्वान!’ असे म्हटले की, ऐकीवपणाचे रूपांतर अविश्वासात होते. सांगणारा आपले अंग काढून घेतो, पण आपण ते काढून घेत आहोत हे तो उघडपणे सांगतो, हा ह्या शब्दाचा प्रामाणिकपणा होय.

इंग्रजीत असा शब्द नाही. तेथे हे काम पदसमूहांना करावे लागते : ‘असे समजते’, ‘असे सांगितले जाते’, ‘निकटवर्ती सूत्रांच्या मते’, ‘मंत्र्यांचे मित्र म्हणतात’. वरवर पाहता ही ‘म्हणे’चीच लांबलचक रूपे वाटतील, परंतु त्यांचा परिणाम उलटा होतो. ‘म्हणे’ने विधानाचे वजन घटते; ‘असे समजते’ने ते वाढते. सामान्य वाचकाला न कळणारी गोष्ट वार्ताहराला विशेष मार्गाने कळली आहे, असा त्यातून ध्वनी निघतो. आपल्या मराठी वृत्तपत्रांनी ‘असे समजते’, ‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ ही वाक्ये इंग्रजीच्या वळणावर घेतली आणि हाताशी असलेला ‘म्हणे’ बातमीतून कटाक्षाने वगळला, ह्याचे कारण बहुधा हेच असावे. ‘अर्थमंत्री म्हणे राजीनामा देणार आहेत’ असे छापले, तर ती बातमी न राहता ओट्यावरच्या गप्पा होतील.

ब्रिटनमध्ये ह्या पदसमूहांच्या मागे एक संस्थाच उभी आहे. कॉमन्स सभागृहाबाहेरच्या दालनात सभासदांशी बोलण्याची मुभा निवडक वार्ताहरांना देण्याची पद्धत १८८४ पासूनची मानली जाते. त्या दालनावरूनच ह्या वार्ताहरांना ‘लॉबी’ असे नाव पडले. लॉबीच्या संकेतानुसार मिळालेली माहिती छापता येत असे, परंतु ती कोणी दिली हे छापता येत नसे. पंतप्रधानांचे वृत्तसचिव नियमितपणे वार्ताहरांना माहिती देत. तरीही अशी बैठक झाली हेदेखील मान्य करावयाचे नाही, असा दंडक कित्येक दशके चालला. म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयातून निघालेले वाक्य वाचकापर्यंत पोहोचताना आपला कर्ता वाटेत टाकून येई. व्याकरणदृष्ट्या कर्मणी प्रयोगात जे घडते, तेच येथे शासनाच्या सोयीसाठी घडत होते.

ह्याचा नमुना १९८६ मध्ये पाहावयास मिळाला. मार्गारेट थॅचर ह्यांच्या मंत्रिमंडळातील कॉमन्स सभेचे नेते जॉन बिफन ह्यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत पक्षाच्या नेतृत्वात समतोल हवा असे सूचित केले. त्यानंतर लॉबीला असे सांगण्यात आले की, बिफन हे मंत्रिमंडळाचे ‘अर्धवट जोडलेले’ सभासद आहेत. मूळ इंग्रजी विशेषण घरांच्या जाहिरातीतले आहे; ज्याची एकच भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते अशा घराला ते लावतात. सांगणारे होते थॅचर ह्यांचे वृत्तसचिव बर्नार्ड इंगम. पण छापताना त्यांचे नाव अर्थातच आले नाही. ह्या विशेषणात आरोप नाही, शिवी नाही, निषेध करण्याजोगे एकही विधान नाही. तरी ते वाचून प्रत्येक जाणत्या वाचकाने बिफन ह्यांचे दिवस भरले असे ओळखले. १९८७ च्या निवडणुकीनंतर त्यांना वगळण्यात आले. बिफन ह्यांनी पुढे इंगम ह्यांना घाण वाहून नेणाऱ्या गटाराची उपमा दिली. घाण मात्र त्यांची नव्हे, असे त्यांनी सुचविले. वदंतेचा वाहक आणि वदंतेचा कर्ता ह्यांतील भेद भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातदेखील इतक्या थोडक्यात सांगितलेला मी पाहिलेला नाही.

त्याच १९८६ साली निघालेल्या ‘इंडिपेंडंट’ दैनिकाने ह्या अनामिक बैठकांना जाण्याचे नाकारले; ‘गार्डियन’ आणि ‘स्कॉट्समन’ ह्यांनीही तोच मार्ग धरला. १९९७ पासून ‘पंतप्रधानांचे अधिकृत प्रवक्ते’ असा उल्लेख करण्यास मुभा मिळाली. परंतु औपचारिक बैठकीतील वक्त्याला पदनाम मिळाल्यामुळे मजकुराचा चटकदार भाग खाजगी दूरध्वनीकडे सरकला, एवढेच. ‘मंत्र्यांचे मित्र’ अजूनही बोलतातच, आणि तो मित्र कित्येकदा स्वतः मंत्रीच असतो, हे तेथील वाचक गृहीत धरतात.

वदंतेइकताच तिचा इन्कारही अभ्यसनीय आहे. वेस्टलँड प्रकरणी जानेवारी १९८६ मध्ये मंत्रिमंडळ सोडल्यानंतर मायकेल हेसेल्टाइन ह्यांना वारंवार विचारले जाई की, थॅचर ह्यांना आपण आव्हान देणार काय? त्यांचे ठरलेले उत्तर असे की, ज्या परिस्थितीत आपण तसे करू ती परिस्थिती आपल्याला पुढे दिसत नाही. हे वाक्य सोडवून पाहावे. नकार आहे तो ‘दिसणे’ ह्या क्रियेला. ‘आव्हान देणे’ ह्या क्रियेला नकाराचा स्पर्शही नाही. काळ वर्तमान आहे. उद्या दृष्टी सुधारली, तर वक्ता खोटा ठरत नाही. साध्या ‘नाही’ने भागले असते तेथे इतके शब्द का खर्चिले, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उद्भवतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर हाच त्या वाक्याचा खरा अर्थ होय. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांनी आव्हान दिले. ते स्वतः पंतप्रधान झाले नाहीत, पण थॅचर ह्यांना जावे लागले. बोरिस जॉन्सन ह्यांनी २०१३ साली हेच काम रग्बीच्या रूपकाने केले : झोंबाझोंबीतून चेंडू जर आपणहून बाहेर आला, तर गोष्ट वेगळी. येथेही कर्तृत्व चेंडूकडे आहे, खेळाडूकडे नाही.

आतापर्यंतच्या उदाहरणांत वदंता पेरली गेली होती. ज्या प्रकरणात ती केवळ निसटली आणि तरीही घटना घडवून गेली, ते १९६२ चे प्रकरण मला ह्या सर्वांत अधिक महत्त्वाचे वाटते. हॅरॉल्ड मॅकमिलन ह्यांचे सरकार त्या वर्षी पोटनिवडणुकांत मार खात होते. मार्चमध्ये ऑर्पिंग्टनची जागा उदारमतवाद्यांनी हिसकावून घेतली होती. अर्थमंत्री सेल्विन लॉइड ह्यांना बदलावयाचे असे मॅकमिलन ह्यांच्या मनात होते आणि ते गृहमंत्री रॅब बटलर ह्यांना ठाऊक होते. ११ जुलै रोजी बटलर ह्यांनी ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर ह्यांच्यासमवेत भोजन घेतले. बटलर हे बुद्धिमान गृहस्थ होते, पण जिभेवरील ताब्याविषयी त्यांची ख्याती नव्हती. दुसऱ्या दिवशी, १२ जुलैच्या ‘डेली मेल’मध्ये वॉल्टर टेरी ह्यांची मंत्रिमंडळातील फेरबदलाची बातमी ठळकपणे आली.

आता मॅकमिलन ह्यांच्यापुढील पेच पाहा. बातमी खोटी म्हणावी, तर पुढे ती खरी करता येणार नाही. गप्प बसावे, तर जाणारे अर्थमंत्री म्हणून लॉइड ह्यांचे प्रत्येक वाक्य निष्प्रभ होणार. जे सावकाश करावयाचे होते ते त्यांनी घाईने केले. त्याच सायंकाळी लॉइड ह्यांना काढले आणि १३ जुलैला आणखी सहा जणांना. मंत्रिमंडळाचा एकतृतीयांश भाग दोन दिवसांत गेला. हिटलरने १९३४ मध्ये केलेल्या शिरकाणाचे ‘लांब सुऱ्यांची रात्र’ हे नाव इंग्रजांनी उपहासाने ह्या घटनेला दिले आणि ते तिला कायमचे चिकटले. ज्या धीमेपणावर मॅकमिलन ह्यांची कीर्ती उभी होती, तिला लागलेला हा तडा पुढे सांधला गेला नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या मोजपट्टीने ‘डेली मेल’ची बातमी खरी ठरते. पण १२ जुलैच्या सकाळी, ती छापली गेली त्या क्षणी, ती खरी होती काय? फेरबदल मनात होता. त्या दिवशी, त्या घाईने आणि एवढ्या प्रमाणात व्हावयाचा नव्हता. बातमीने घटनेचे वर्णन केले नाही. घटनेनेच बातमीचा पाठलाग केला. विवाहविधीतील वचन ज्या अर्थाने खरे वा खोटे नसते, उच्चारल्याने घडते, त्याच्या शेजारचा हा प्रकार आहे. भेद इतकाच की, विधीत वचन उच्चारणारा सर्वांसमक्ष उभा असतो.

कायदा मात्र ह्या रिकाम्या जागेला फसत नाही. इंग्लंडच्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात असे तत्त्व प्रस्थापित आहे की, दुसऱ्याचे बदनामीकारक विधान ‘अशी वदंता आहे’ म्हणून पुन्हा सांगणारा, ते स्वतः करणाऱ्याइतकाच जबाबदार असतो. ‘लुईस विरुद्ध डेली टेलिग्राफ’ ह्या खटल्यात लॉर्ड डेव्हलिन ह्यांनी ते स्पष्टपणे मांडले. मराठीत सांगावयाचे, तर त्या न्यायालयात ‘म्हणे’ हा बचाव नाही. ह्या कडक नियमाने भाषेला जी वळणे घ्यावयास लावली ती विलक्षण आहेत. ‘प्रायव्हेट आय’ ह्या विनोदी पाक्षिकाने १९६० नंतरच्या दशकात परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन ह्यांच्या मद्यपानाचा निर्देश ‘थकलेले आणि भावनावश’ ह्या शब्दांत केला. तो इतका रूढ झाला की, आज इंग्रजीत कोणी खरोखरच थकला तर त्याला दुसरे विशेषण शोधावे लागते.

शब्दांवाचूनही काम साधते. १५ मार्च १९६३ रोजी ‘डेली एक्सप्रेस’च्या पहिल्या पानावर युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो ह्यांनी राजीनामा देऊ केल्याचे वृत्त होते आणि त्याच पानावर, शेजारीच, बेपत्ता झालेल्या क्रिस्टीन कीलर ह्या तरुणीचे छायाचित्र. दोहोंना जोडणारे एकही वाक्य नव्हते. जोडणी वाचकाच्या डोळ्याने करावयाची होती, आणि डोळ्यावर खटला भरता येत नाही. वदंता लंडनच्या मंडळांत आठवडेच्या आठवडे फिरत होती. ती प्रथम मोठ्याने उच्चारली गेली २१ मार्चला, कॉमन्स सभेत, जॉर्ज विग ह्यांच्या तोंडून. कारण संसदेतील भाषणाला विशेषाधिकाराचे संरक्षण असते. दुसऱ्या दिवशी प्रोफ्यूमो ह्यांनी सभागृहात इन्कार केला आणि ५ जूनला, तो इन्कार असत्य होता हे मान्य करून, पदत्याग केला. सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉर्ड डेनिंग ह्यांच्या अहवालाचा बराच भाग अन्य मंत्र्यांविषयीच्या अफवांची छाननी करण्यात खर्ची पडला आहे. एक अफवा खरी निघताच तिच्या पाठीवर बसून आणखी कितीतरी आल्या होत्या; डेनिंग ह्यांना त्या निराधार आढळल्या. वाचकांनी मात्र अहवाल विकत घेण्यासाठी रांगा लावल्या.

खोट्या वदंतेचा सर्वांत चमत्कारिक शेवट जॉन मेजर ह्यांच्या बाबतीत झाला. १९९३ च्या जानेवारीत ‘न्यू स्टेट्समन’ने पंतप्रधान मेजर ह्यांच्या एका कथित प्रेमसंबंधाविषयीच्या अफवेवर लेख छापला. आपण अफवेची सत्यता सांगत नसून तिच्या प्रसाराची चिकित्सा करीत आहोत, असे त्या साप्ताहिकाचे म्हणणे होते. भाषाशास्त्रज्ञ ह्यात तात्काळ ‘उल्लेख’ आणि ‘उपयोग’ ह्यांतील भेद ओळखील. न्यायालयात त्या भेदावर विसंबणे कठीण होते. मेजर ह्यांनी आणि ज्या स्त्रीचे नाव गोवले गेले होते तिनेही दावे लावले, प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्या खर्चाने साप्ताहिकाचे अस्तित्वच धोक्यात आले. अफवा खोटी होती. परंतु २००२ साली एडविना करी ह्यांची दैनंदिनी प्रसिद्ध झाली आणि १९८४ ते १९८८ ह्या काळात मेजर ह्यांचे त्यांच्याशी संबंध होते हे उघड झाले. अफवेने चुकीच्या घरावर थाप मारली होती. खऱ्या घरासमोरून लॉबी वर्षानुवर्षे जात-येत होती.

ह्याच मेजर ह्यांनी जून १९९५ मध्ये पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक ओढवून घेतली, तेव्हा मायकेल पोर्टिलो ह्यांच्या महत्त्वाकांक्षेची वदंता कोणाच्याही तोंडून आली नाही. ती दूरध्वनीच्या तारांतून आली. त्यांच्या समर्थकांनी एका घरात बऱ्याच दूरध्वनींची जोडणी करून घेतली आणि तंत्रज्ञ तारा ओढीत असताना छायाचित्रकार तेथे पोहोचले. पोर्टिलो उभे राहिले नाहीत; त्या तारांची आठवण त्यांना पुढे अनेक वर्षे करून देण्यात येत असे.

अलीकडील काळात वेग वाढला आहे, रचना तीच आहे. जुलै २०२२ च्या आरंभी उपमुख्य प्रतोद ख्रिस पिंचर ह्यांच्यावरील गैरवर्तनाच्या आरोपांविषयी पंतप्रधान जॉन्सन ह्यांच्या कार्यालयाने असे सांगितले की, त्यांना कोणत्याही ‘विशिष्ट’ आरोपांची माहिती नव्हती. सारा भार त्या एका विशेषणावर होता. माजी ज्येष्ठ अधिकारी लॉर्ड मॅकडॉनल्ड ह्यांनी ५ जुलैला पत्र प्रसिद्ध करून ते खोडून काढले. येथे वक्त्याची जागा नावानिशी भरली गेली, हे लक्षात घ्यावे. ७ जुलैला जॉन्सन ह्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग ह्यांनी वॉशिंग्टन येथे आपण कोठेही जाणार नाही असे ठामपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी, पदावर अवघे अडतीस दिवस काढून, ते गेले. आपल्याला काढले जात आहे हे लंडनमध्ये मोटारीत असताना एका वार्ताहराच्या ट्विटवरून आपण वाचले, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. बातमी ज्याच्याविषयी होती, तोच तिचा सामान्य वाचक झाला.

आणि जेथे वदंता उठलीच नाही तेथे काय होते? १६ मार्च १९७६ रोजी हॅरॉल्ड विल्सन ह्यांनी पंतप्रधानपद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा लॉबी गाफील होती. त्यांनी फार थोड्या विश्वासू व्यक्तींना आधी सांगितले होते आणि त्यांपैकी कोणी रॉदरमिअर ह्यांच्याकडे जेवावयास गेले नाही. विल्सन ह्यांना नुकतेच साठावे वर्ष पूर्ण झाले होते आणि जाण्याचा निर्णय जुनाच आहे असे त्यांनी सांगितले. वक्ता ज्ञात, कारण सांगितलेले, वाक्य कर्तरी प्रयोगातले. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. गुप्तहेर खात्याचे कारस्थान, दडविलेला आजार, कोणाकडे तरी असलेली गुप्त कागदपत्रे, अशा जितक्या वावड्या राजीनाम्यापूर्वी उठावयास हव्या होत्या तितक्या सर्व नंतर उठल्या, आणि त्यांपैकी काही आजही हवेत आहेत.